विहिरीत उतरलेला फेस

तळेगावच्या पुढे, आंबीच्या शिवाराला लागून आमच्या सोसायटीच्या तीन इमारती आहेत. सकाळी सहाला श्रीपतीभाऊ सायकलवरून येतात, पंपाच्या खोलीचं कुलूप काढतात आणि दोन व्हॉल्व्ह फिरवतात. एक नळयोजनेचा, दुसरा विहिरीचा. दोन्ही पाणी खालच्या टाकीत एकत्र होतं आणि तिथून आमच्या नळांना येतं. निदान गेल्या वर्षीपर्यंत तसं होतं.

विहीर मूळची भाऊंच्याच घरची. जमीन बिल्डरला देताना त्यांनी एकच अट घातली होती, की विहिरीवरून आपल्या घरापर्यंत अर्ध्या इंचाची लाइन राहू द्यायची. पंचक्रोशीत एवढं गोड पाणी नाही, असं ते सांगत आणि आम्हालाही ते पटत असे.

पंपाचं काम बघण्याआधी चोवीस वर्षं भाऊ फायरमन होते, आंबीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका कंपनीत. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची खूण आहे. घाटात तेलाचा टँकर पेटला तेव्हा यांची गाडी मदतीला गेली होती आणि भाऊंनी केबिनमधून ड्रायव्हरला ओढून बाहेर काढलं होतं. "तेलाची आग पाण्यानं इझत न्हाई, बाई," ते मला म्हणायचे. "फोमच लागतो. गोधडीवानी पसरला की आग गुदमरून मरती."

मी इंदिरा, पहिल्या इमारतीत राहते. शाळेतून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. माझी भाची श्रद्धा पुण्यात पाण्यावर संशोधन करते. गेल्या वर्षी जानेवारीत तिनं सगळ्या नातेवाइकांच्या घरून नळाच्या पाण्याचे नमुने नेले; लोणावळ्याला तिच्या आत्याकडून, पुण्याहून, माझ्याकडून. महिन्याभरानं तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मावशी, तुमच्या टाकीत कुठलं पाणी येतं?"

मी सांगितलं.

"आजपासून ते पिऊ नकोस. स्वयंपाकालाही नको. मी शनिवारी येते. आणि उकळू नकोस, त्यानं उलट वाढेल."

शनिवारी ती आली आणि थेट पंपाच्या खोलीत गेली. तिच्याकडे खास बाटल्या होत्या. भाऊ नळाच्या जोडाला पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळायला लागले तर तिनं त्यांचा हात धरला. "भाऊ, ती टेप नको. मी जे शोधतेय ते त्या टेपमध्येही असू शकतं." भाऊंना गंमत वाटली. असं काय शोधताय, त्यांनी विचारलं.

श्रद्धानं त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. ही रसायनं माणसानं बनवलेली. तेल चिकटू नये, पाणी मुरू नये, आग पसरू नये म्हणून. ती कुजत नाहीत, उन्हात मोडत नाहीत, जमिनीत शिरली की पिढ्यानपिढ्या तिथंच राहतात. म्हणून त्यांना कायमची रसायनं म्हणतात. पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चवही बदलत नाही. लोणावळ्याच्या नमुन्यात ती नावालाच होती. आमच्या नळात मात्र लिटरमागे नव्वद नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे नव्वद अब्जांश, निघाली होती. अमेरिकेनं त्यातल्या दोन रसायनांना प्रत्येकी चारची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे अजून अशी मर्यादाच ठरलेली नाही.

"पण हितं कुटनं येणार ती?" भाऊ म्हणाले. "वर नुसती भातखाचरं हायती आन् आमची जुनी कंपनी. तितं असलं काय बनत न्हाई."

"तेच कळत नाही. नॉनस्टिक भांडी बनवणारा कारखाना, कापडावर थर देणारा, नाहीतर आग विझवायचा फोम. असं काही होतं का जवळपास?"

मी भाऊंकडे बघत होते. त्यांनी हातातली बाटली श्रद्धाला दिली, पान्हा पिशवीत टाकला आणि सायकल काढून निघून गेले. कुलूप मीच लावलं.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. कंपनीच्या आवारात, कुंपणाला लागून एक खड्डा होता. महिन्यातून दोनदा त्यात डिझेल ओतून पेटवायचं आणि फोमनं विझवायचं, असा सराव चाले. फेस ओघळून नाल्यात उतरे आणि नाला विहिरीच्या अंगावरूनच जाई. सरावाच्या दिवशी आंबीची पोरं नाल्यावर जमायची. "बर्फ आला, बर्फ आला" म्हणून नाचायची. भाऊ मुद्दाम नळी त्यांच्या बाजूला वळवायचे. त्या पोरांत त्यांची सविता सगळ्यांत पुढे असे, गळ्यापर्यंत पांढरी.

ती सविता त्या दिवशी घरातच होती. सातवा महिना लागला होता, बाळंतपणाला माहेरी आली होती. भाऊ घरात शिरले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून तांब्यानं पाणी पीत होती. भाऊंनी तो तांब्या हातातून ओढून घेतला. पाणी तिच्या साडीवर सांडलं. तिची आई सरुबाई ओरडली, "अवं, याड लागलंय का? पोटुशी पोर हाय ती!"

भाऊंनी हंडा, कळशी, माठ सगळं अंगणात नेऊन पालथं केलं. सविता दारात येऊन उभी राहिली. ती बी.एस्सी. झालेली, लोणावळ्याच्या एका हॉटेलात हिशेब बघणारी मुलगी. "आबा, काय झालंय ते सरळ सांगा," ती म्हणाली. भाऊंनी सांगितलं. ती पोटावर हात ठेवून खाली बसली. मग ती म्हणाली, "उद्या त्या पाणी तपासणाऱ्या ताईंकडून आपल्या नळाचीही एक बाटली भरून घ्या."

दुसऱ्या दिवशी रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली. आमचे अध्यक्ष गोपाळकृष्णकाका शांत, अभ्यासू गृहस्थ. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. श्रद्धाचं बोलणं संपताच एकदम गलका झाला. कुणी विचारलं, कॅन्सर होतो का? श्रद्धा म्हणाली, होईलच असं नाही. पण वर्षानुवर्षं प्यायलं तर काही कॅन्सरचा, थायरॉइडचा, कोलेस्टेरॉलचा धोका वाढतो, कमी वजनाची बाळं जन्मण्याशीही संबंध दिसलाय. तिसऱ्या इमारतीतली एक आई आपल्या तान्ह्याला घेऊन उभी होती. बाळाच्या वरच्या दुधाची पावडर ती याच पाण्यात कालवत होती. ती तिथंच रडायला लागली.

काका म्हणाले, "एका नमुन्यावर घाबरायचं कारण नाही. बाहेर बोलू नका, ग्रुपवर टाकू नका. उद्या इथली घरं कुणी घेणार नाही. आणि ही रसायनं आली कुठून याचा काही पुरावा आहे का?"

"पुरावा मी हाय."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. भाऊ जिन्याजवळ उभे होते. सभेत ते एरवी कधी बोलत नसत.

"त्यो फोम आमी उडवायचो. चोवीस वर्सं. ह्याच विहिरीच्या डोक्यावर." त्यांनी कापडात गुंडाळून आणलेला एक फोटो टेबलावर ठेवला. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं फ्रेम करून दिलेला. सुरक्षा सप्ताहातला. गणवेशातले पाच फायरमन, नळीतून उडणारा पांढराशुभ्र फेस, नाल्यात नाचणारी पोरं आणि मागं विहिरीचा कठडा.

पहिल्या इमारतीतला एक तरुण ओरडला, "म्हणजे तुम्हीच विष टाकलंत! आणि वर पाणी गोड आहे म्हणून आम्हालाच पाजलंत?"

"व्हय," भाऊ म्हणाले. "आमास्नी ठावं नव्हतं. साबणाचं पाणी हाय म्हणून सांगितलं हुतं. पण उडवलं आमीच."

काकांनी सभा तहकूब केली, दुसरा अहवाल येईपर्यंत काही करायचं नाही असं ठरवलं. विहीर बंद केली तर मार्चमध्ये पाणी पुरणार नाही, हे खरंच होतं. पण सोमवारी सकाळी भाऊ आले आणि त्यांनी एकच व्हॉल्व्ह उघडला. विहिरीचा व्हॉल्व्ह घट्ट आवळून त्याचं चाकच काढून पिशवीत टाकलं. आठ वाजता तिसऱ्या मजल्याच्या वरचे नळ कोरडे पडले. काका पंपाच्या खोलीत आले, मीही मागोमाग गेले.

"कुणाच्या परवानगीनं?" काकांनी विचारलं.

"कुणाच्याच न्हाई. कामावरनं काढा पायजे तर. पण चाक मी देत न्हाई."

तीन आठवडे असे गेले. सकाळी एक तास पाणी. लोक भाऊंना तोंडावर बोलत. कुणी त्यांची सायकल पाडून ठेवली. फोटोची बातमी कंपनीपर्यंत पोचली आणि एका दुपारी तिथल्या त्यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. भाऊंनी स्पीकर चालू केला आणि माझ्याकडे बघितलं. साहेब गोड बोलत होते. "श्रीपती, त्या फोटोचं काय करतोयस? तुझ्यावरच शेकेल हं. जबाबदारी फायर सेक्शनची होती." "साहेब," ते म्हणाले, "माझ्यावर तं शेकलंच हाय. माझ्या लेकीच्या पोटात हाय ते." आणि त्यांनी फोन ठेवला.

अहवाल आला त्या दिवशी श्रद्धा स्वतः घेऊन आली. विहिरीत दोनशे चाळीस. नळयोजनेच्या पाण्यात जवळपास काहीच नाही. विहीर बंद केल्यावर आमच्या नळाला सहा. भाऊंच्या घरच्या नळाला, म्हणजे थेट विहिरीच्या लाइनला, दोनशे पस्तीस. तो आकडा वाचताना श्रद्धा थांबली. भाऊ म्हणाले, "वाचा. आडवळण नको."

सविताला घेऊन आम्ही तळेगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं आणि खरं तेच सांगितलं. बाळाची वाढ आत्ता ठीक आहे. या रसायनांमुळे याच बाळाला काही होईल की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. पाणी बदलणं हाच इलाज, आणि अंगावरचं दूध अजिबात बंद करायचं नाही. सविता परतीच्या वाटेवर रिक्षात एकदाच म्हणाली, "आबा, मलाच लय आवडायचा तो बर्फ." भाऊंनी तोंड बाहेर वळवलं.

काकांचं मन त्या अहवालानं पालटलं, हे त्यांच्या बाबतीत कबूल केलं पाहिजे. पुढच्या सभेत त्यांनी सर्वांसमोर भाऊंची माफी मागितली आणि कंपनीविरुद्धच्या अर्जावर पहिली सही केली. विहिरीचं पाणी आता कशालाच वापरत नाही. बागेलाही नाही, कारण ते पुन्हा जमिनीतच जाईल. टँकर येतो, त्याच्याही पाण्याची तपासणी आधी मागतो. नळाला अजूनही सहा येत होते, म्हणून घराघरात पिण्या-स्वयंपाकापुरता आरओ बसला. आंघोळीला, धुण्याला त्याची गरज नाही, हे श्रद्धानं समजावलं तेव्हा निम्म्या लोकांचा घोर कमी झाला. आरओमधून जे पाणी बाहेर टाकलं जातं त्यात ही रसायनं दाटून येतात, म्हणून ते तुळशीला किंवा भाजीला घालायचं नाही.

आणि फिल्टर बसवला म्हणजे झालं, असं नाही. आतला कोळशाचा कार्ट्रिज भरला की तो काहीच अडवत नाही, आणि नळाकडे बघून ते कळतही नाही. भाऊंनी एका वहीत एकोणसत्तर घरांच्या तारखा लिहिल्या आहेत. सहा महिने झाले की ते दार वाजवतात. ज्या तरुणानं त्यांना सभेत विष टाकणारा म्हटलं होतं, तो एकदा म्हणाला, पुढच्या महिन्यात बदलू. भाऊ दारातच उभे राहिले. "आज बदला. मी हितं थांबतो."

सविताला मे महिन्यात मुलगी झाली. वजन पावणेतीन किलो. नाव पिंकी, निदान घरात तरी.

प्रदूषण खात्याकडे दिलेल्या त्या अर्जाची चौकशी अजून चालू आहे. जबाबाला एकटा श्रीपती पुरणार नाही, बाकीच्या फायरमननीही सांगायला हवं, असं तिथल्या अधिकारी बाईंनी सुचवलं. फोटोतले पाच जण. त्यातले एक स्वतः भाऊ, एक वारलेले. कुरवंड्याच्या रखमाजींनी दार उघडलं, चहा दिला आणि "माझा मुलगा त्याच कंपनीत लागलाय, भाऊ" एवढंच सांगितलं. भाऊंनी त्यांना आग्रह केला नाही. चौथ्यांचा पत्ताच लागेना.

पाचवे मारुती, पवनानगरचे. धरणाच्या काठावर तंबू लावून पर्यटकांची सोय करतात. मागच्या महिन्यात भाऊ तिकडे निघाले, तेव्हा मीही बरोबर गेले. कामशेतहून जीपनं. मारुती तंबूंच्या दोऱ्या ताणत होते. भाऊंनी सगळं सांगितलं. खड्डा, नाला, आकडे, सविता. मारुतींनी दोरी सोडली नाही. पाण्याकडे बघत ते ऐकत राहिले.

"रक्तात बी बघता येतं का ते?" त्यांनी विचारलं.

"येतं," भाऊ म्हणाले. "पण काढता येत न्हाई."

मारुतींनी मान हलवली. मग खुंटीला दोरीची गाठ मारली, हात पुसले आणि विचारलं, "जबाबाला कवा यायचं?"