फवारणीतून सोडलेलं झाड

माझ्या वरच्या खोलीत काबूलची एक मुलगी भाड्यानं राहायची. नाशिकला शिकायला आली होती. मला मावशी म्हणायची आणि माझ्याच स्वयंपाकघरात मलाच हुकूम सोडायची.

एकदा तिला दिंडोरीला, धाकट्या भावाच्या द्राक्षबागेत नेलं. छाटणीनंतरची कोवळी फूट विरळायचं काम चालू होतं. खाली पडलेली पानं तिनं भराभर ओढणीत गोळा केली.

"मावशी, हे फेकता? आमच्याकडे यात भात भरतात!"

"अगं टाक ती, औषध मारेल हाय!" भाऊ ओरडलाच. तिचं तोंड एवढंसं झालं. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या छाटणीपासून विहिरीजवळचं एक झाड त्यानं तिच्यासाठी फवारणीतून सोडलं. फवारणीचा ट्रॅक्टर यायच्या आत भावजय बांबूला जुनी साडी बांधून आडोसा करायची. पोरीनं त्या पानांत भात भरला, तर भाऊ अळूवडी समजून चटणी मागत बसला.

कोरोनात कॉलेज ऑनलाइन झालं तशी ती सामान इथंच ठेवून घरी गेली. नंतर परदेशी फौजा वीस वर्षांची लढाई सोडून तिच्या देशातून निघून गेल्या. तिचा व्हिसा रद्द झाला, तिकडे मुलींची कॉलेजं बंद झाली. टीव्हीवर मात्र कोण जिंकलं, कोण हरलं यावर तावातावानं भांडणं. माझी पोरगी घरात कोंडली गेली, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मला तिची फार आठवण येते. ताटं घेतली की अजून जिन्याकडे तोंड करून हाक मारावीशी वाटते. ती खोली मी कुणाला दिली नाही.

भावानंही ते झाड तसंच ठेवलं. लोक हसायचे. यंदा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि त्याच झाडावर डावणीची बुरशी पडली.

"आक्का, रोग तिथून पुढं सरकायला लागला," भाऊ म्हणाला. "औषध मारावंच लागंल. पण तू आधी तिला विचार."

मी बागेतूनच फोन लावला, सगळं सांगितलं.

"मारा ना, मावशी," ती लगेच म्हणाली. "आता ती पानं कोण खाणार?"

तिनं भांडावं, हट्ट करावा, मी येईपर्यंत थांबा म्हणावं, एवढ्याचसाठी मी फोन केला होता.

भाऊ पंप घेऊन शेजारी उभा होता. "मग मारू?" त्यानं विचारलं. मला मान हलवता येईना.