वरच्या फळीवर लेम्पीमावशी

लेम्पी हार्यू अंगणात पडली तेव्हा तिच्या मुलाचं घर वीस पावलांवर होतं. खिडकी उघडी होती आणि आतून काट्याचमच्यांचे आवाज येत होते. तिने हाक मारली नाही. अर्धं अंग लुळं पडलेलं, तोंडात गवत, आणि ही बाई अर्धा तास तशीच पडून. का, तर "रुडी जेवायला बसला होता."

मिशिगनच्या आमच्या या उत्तर टोकाला हे असंच चालतं. आमचे पणजोबा फिनलंडहून खाणीत कामाला आले, ते बोलणं तिकडेच ठेवून आले असावेत. कुणाकडे गेलं आणि कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणून तीन कप प्यायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा तो हावरट.

पक्षाघातानंतर मावशी आमच्या पुनर्वसन वॉर्डात आली. मी तिथली नर्स, आणि तिच्याच गल्लीत वाढलेली. भरतीच्या दिवशी फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तो मी विचारला.

"मावशी, इथून घरी जाशील तेव्हा तुला काय जमायला हवंय?"

"काही नाही गं. तुम्ही म्हणाल ते."

मी लिहिलं, 'विशेष इच्छा नाही.' विचारायचं एकदाच, कारण रकाना एकच. वीस वर्षांच्या नोकरीत माझी गावाकडची अक्कल कुठे सांडली कोण जाणे.

मग इच्छा आम्हीच ठरवल्या. खोलीतल्या पांढऱ्या बोर्डवर 'माझं ध्येय' असं छापलेलं असतं. त्याखाली टेक्सासहून आलेल्या कोल्बी या फिजिओने लिहिलं, 'वॉकर घेऊन पन्नास पावलं.' रोजची कामं नव्याने शिकवणाऱ्या जोनेलने लिहिलं, 'डाव्या हाताने बटणं.' डॉक्टर प्रूइट रक्तदाबाचा आकडा लिहून गेले. मावशीच्या ध्येयात मावशी सोडून सगळे होते. ती सगळ्याला मान डोलवायची आणि दहा पावलं टाकून खाली बसायची.

"दमलात का, मिसेस हार्यू?" कोल्बी विचारायचा.

"नाही."

"दुखतंय कुठे?"

"नाही."

"मग चला की!"

"कुठे?"

कॉरिडॉरच्या टोकाला थंड पेयांचं एक यंत्र होतं, बस.

बुधवारच्या बैठकीला रुडीही आला. त्याने वृद्धाश्रम बघून ठेवला होता. समोर तळं, तळ्यात बदकं.

"आईला बदकं आवडतात?" मी विचारलं.

"नाही म्हणाली नाही ती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी रुडीवर भडकले, मग स्वतःवर, कारण मीही तेच केलं होतं. बैठक सोडून मी तडक तिच्या खोलीत गेले आणि पुन्हा विचारलं.

"राहू दे गं, तुला कामं असतील."

मी खुर्ची ओढून बसले. "मावशी, तिसऱ्यांदा विचारतेय."

मग म्हणाली, "सौना. वरची फळी. शनिवारी."

आमच्याकडे परसात लाकडी सौना नसेल तर ते घरच नाही. भट्टीवरच्या दगडांवर पाणी मारायचं आणि फळीवर बसून वाफ घ्यायची. खरी धग वर असते. खालच्या फळीवर पोरं आणि पाहुणे बसतात.

"गरम, ओलं, निसरडं, त्यात दोन पायऱ्या!" डॉक्टर प्रूइट ओरडले. "मी सही करणार नाही."

"पायऱ्या किती उंच आहेत?" कोल्बीने विचारलं. त्याचे डोळे चमकत होते.

जोनेलने कठडा आणि रबरी चटई सुचवली. घासाघीस होऊन डॉक्टर 'मंद आच, दहा मिनिटं, सोबत रुडी' एवढ्यावर आले. बोर्ड पुसला. कोल्बीने व्यायामाच्या खोलीत फळ्या ठोकून सौना उभा केला.

"फळी दोन इंच बुटकी आहे," मावशी म्हणाली.

त्याने मोजली. दोन इंच बुटकी होती. त्या दिवशी मावशी न बसता साठ पावलं चालली, कारण स्वयंपाकघराच्या दारापासून सौना साठ पावलांवर होता.

पण तीन आठवड्यांनी जोनेलने बैठकीत नको तो मुद्दा काढला. "पाय तयार आहेत. पण जी बाई पडल्यावर हाक मारत नाही, तिला घरी एकटी कशी सोडायची?"

मावशीला विचारूनच मी बोर्डवर शेवटची ओळ लिहिली, 'गरज पडली की स्वतःहून मदत मागणे.' मागितली तर घर, नाहीतर बदकं.

मावशीने ती ओळ दोनदा वाचली. "हे अवघड आहे," ती म्हणाली.

चाचणीसाठी आम्ही तिला तिच्या घरी नेलं. न पेटवलेल्या सौनात कोट घालून आम्ही चौघं, आणि मावशी. कठडा धरून ती पहिली पायरी चढली, दुसरी चढली, आणि वरच्या फळीवर अशी बसली की वाटलं आता आम्हालाच हुकूम सोडेल. उतरताना मात्र डावा पाय अडकला. हलेना. रुडी पुढे झाला, तर जोनेलने मागून त्याचा कोट धरला.

"यंदा बर्फ उशिरा पडेल," मावशी म्हणाली.

जोनेलने रुडीचा कोट सोडला नाही.

"लाकडं चांगली वाळलीत."

कोल्बीला त्या गारठ्यात घाम फुटला होता. मला तर धावत जाऊन तिचा पाय सोडवावासा वाटत होता. मावशीचा चेहरा लाल झाला.

"रुडी," ती एवढुशा आवाजात म्हणाली, "हात दे. मला नाही जमत."

रुडीने हात दिला. बावन्न वर्षांत आईने त्याच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि तो असा हमसून रडायला लागला की शेवटी कोल्बीला दोघांनाही धरून खाली आणावं लागलं.