सुकटीची टोपली

माडाच्या हिरांच्या टोपल्या मी विणते आणि चौलच्या एका दुकानात विकायला ठेवते. दुकान एक वहिनी एकटीच चालवते. पावसाळ्यानंतर गेले तर माझी सगळ्यांत देखणी टोपली गल्ल्याशेजारी, आणि तिच्यात सुकट! माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, ही विकायला दिली होती, सुकट भरायला न्हाय!"

"अगं, अख्खा पावसाळा काढलाय हिने. नवी टोपली काय, कुठलीही छान दिसते. गिऱ्हाईक आलं की मी सुकट काढते आणि हीच हातात देते."

माझ्यासमोरच एका बाईने ती दाबली, ओढली, उलटी करून पाहिली आणि तशाच दोन नव्या नेल्या.

आता नवा नमुना विणला की पहिली टोपली मीच सुकट भरून वहिनीकडे पोचवते.