काचेतला फोटो

फाळणीनंतर तो सिंधमधून वर्ध्याला आला आणि लग्नांचे फोटो काढू लागला. पहिल्याच लग्नात तो फेऱ्यांची वाट पाहत राहिला, तोवर अक्षता पडून लग्न लागलेसुद्धा. मग त्याने मंगलाष्टके पाठ केली. मी कॉलेजला जाताना तो दुकान झाडत तीच गुणगुणत असायचा.

धम्मदीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात माझ्या ताईचे लग्न झाले. तो कॅमेरा रोखून मंगलाष्टकांची वाट पाहत होता. वंदना झाली, हार घातले, लग्न संपले.

"अरे, हो गया?"

"आमच्यात आता मंगलाष्टकं नाई," आई म्हणाली. "तू काऊन थांबला रे बाबू?"

"मग हार परत घाला ना, माई! शादी एकदा, हार दोनदा!"

ताई खुदकन हसली आणि त्याने खटका दाबला.

तो फोटो त्याने दुकानाच्या काचेत लावला. त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेले सेठजी माझ्यादेखत म्हणाले, "आमच्या पोराच्या फोटोशेजारी यांचा? काढ तो."



"जैसी मर्जी, सेठजी," म्हणत त्याने काच सरकवली आणि सेठजींच्या पोराचा फोटो काढून अदबीने त्यांच्या हातात ठेवला.