भाऊजींनी न घेतलेले कॅमेरे

आमच्या भाऊजींनी जितके कॅमेरे न घेता सोडून दिले, तितके सबंध मुंबईत दुसऱ्या कुणी सोडले नसतील, हे मी कुठल्याही देवासमोर सांगेन. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा ते भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरीला होते. मी माप ओलांडून धड आत आले नाही तोवर माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, "वहिनी, तुमच्या फोटोग्राफरने सगळे फ्लॅश समोरून मारलेत. तुम्ही भिंतीला चिकटवल्यासारख्या येणार." नव्या नवरीला उंबऱ्यातच ऐकवायचं हे! मला रडूच आलं. पुढे अल्बम आला आणि बघते तर काय, अगदी डिंकाने चिकटवलेली. मागे माझी काळी सावली तर अशी ठसठशीत, की नवऱ्याने एकदम दोघींशी लग्न लावलंय असं वाटावं. तेव्हापासून भाऊजींनी काही वाईट भाकीत केलं की ते खरं व्हायचंच. आणि चांगलं भाकीत ते कधी करायचेच नाहीत.

त्यांना नोकरी सोडून लग्नांचे आणि माणसांचे फोटो काढायचे होते. माणसांचे म्हणजे नुसत्या चेहऱ्यांचे. त्याला ते 'पोर्ट्रेट' म्हणायचे, आणि तो शब्द उच्चारताना आवाज देवळात आल्यासारखा खाली आणायचे. त्यासाठी कॅमेरा हवा, कॅमेऱ्यासाठी पैसे हवेत, आणि गिरणी बंद पडून सासरे घरी बसल्यापासून आमच्याकडे नेमकी पैशाचीच बोंब. तरी शनिवारी अर्धा दिवस भरला की स्वारी निघाली फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत. तिथे तासन्तास कॅमेरे हाताळून, कानाशी धरून त्यांचा खटका ऐकून, संध्याकाळी मयताला जाऊन आल्यासारख्या चेहऱ्याने घरी यायचे. जर्मन चांगला, पण त्याचे पार्ट मिळत नाहीत. रशियन स्वस्त, पण इतका जड की मंगलाष्टकं संपेपर्यंत फोटोग्राफरची मान खाली. जपानी एकदम झकास, पण तो दुबईहून कुणी आणला तरच परवडणार, आणि आमचे नातेवाईक फार तर कणकवलीला जाऊन यायचे. एकदा एक दुकानदार वैतागून म्हणाला, "भाईसाब, आप कॅमेरा लेने आते हो या उसका पोस्टमॉर्टम करने?" भाऊजींनी तो कॅमेरा हळूच काउंटरवर ठेवला आणि घरी येऊन मला म्हणाले, "माणूस चिडला ना वहिनी, म्हणजे मालात खोट असणारच."

लग्नसराई सुरू झाली की त्यांच्या अंगात यायचं. मुलुंड-घाटकोपरच्या कुठल्याही हॉलमध्ये, ओळख ना पाळख, सरळ आत शिरायचे आणि तिथल्या फोटोग्राफरच्या मागे हाताची घडी घालून उभे राहायचे. लेन्स कुठली लावतो, फ्लॅश छताकडे वळवतो की सरळ तोंडावर मारतो, सगळं टिपून घ्यायचे. एकदा घाटकोपरला मुलीच्या बापाने अदबीने विचारलं, "आपण कोणाकडचे?" भाऊजी म्हणाले, "मी फ्लॅश बघायला आलोय." त्या भल्या माणसाला वाटलं असणार, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याने हाताला धरून यांना पंगतीत बसवलं आणि स्वतः जिलबीचा आग्रह केला. जेवले खरे, पण ते अन्न त्यांना पचेना. बाहेर जाऊन पाकीट विकत आणलं, आत पाच रुपये घातले, आणि नाव काय लिहावं ते न सुचून वर लिहिलं 'एक हितचिंतक'. त्या पाकिटावरून त्या लग्नघरात काय रामायण घडलं असेल, कुणास ठाऊक!

पैसे थोडे असले तर ते कशात घालायचे, यावर मात्र त्यांचं मत पक्कं होतं. "काचेत घालायचे वहिनी, डब्यात नाही," असं ते म्हणायचे. डबा म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी. बॉडी जुनीपानी चालेल, लेन्स चांगली हवी. नेहमीच्या लेन्सने चेहरा जवळून काढला की नाक पुढे येतं आणि कान मागे जातात, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला त्याच्याच नाकाकडे बोट दाखवून समजावायचे, त्यामुळे आमच्याकडे पाहुणे बेताचेच येत. मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते म्हणून केमिस्टकडून औषधाच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणायचे आणि एका पत्र्याच्या डब्यात साठवायचे. लेन्सचा पत्ता नाही, पण तिची खोली तयार! एका दिवाळीला मी चुकून त्या डब्यात शंकरपाळे भरले, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शंकरपाळे मात्र शेवटपर्यंत कुरकुरीत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, एवढा वेडा माणूस, एखादा साधा कॅमेरा घेऊन मोकळा का नाही झाला? त्याचं कारण शैला. शैला माझी नणंद, भाऊजींहून चार वर्षांनी मोठी, माझ्याच वयाची. एका ऑफिसात टायपिस्ट होती आणि घर बरंचसं तिच्याच पगारावर चालायचं. रंगाने सावळी, अंगाने काडी, आणि स्वभावाने इतकी गुणी की मला कधीकधी तिचा राग यायचा. तिचं लग्न जमत नव्हतं. तेव्हा स्थळाकडे आधी पत्रिका आणि फोटो पाठवायचा, पसंत पडला तर मंडळी बघायला येणार, नाही तर फोटो पोस्टाने परत. शैलाचा फोटो एका स्टुडिओत काढला होता. त्या पठ्ठ्याने ब्रश घेऊन तिला गोरी केली, गाल भरले, वर गुलाबी रंग दिला. फोटो पसंत पडायचा, मंडळी यायची आणि समोर शैला बघून वाट लागायची. एका रविवारी अंधेरीचे लोक आले होते. मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला, शैलाकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "हा हिचाच ना? की हिच्या बहिणीचा?" शैलाच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. ती तशीच उभी राहिली. त्या रात्री भाऊजींनी पानाला हात लावला नाही. मी वाढायला गेले तर म्हणाले, "वहिनी, ताईचा फोटो आता मी काढणार. असा काढीन की परत येणार नाही."

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. कुठल्याही कॅमेऱ्यात त्यांना शैला दिसायची, आणि शैलासाठी तो कॅमेरा कमी पडायचा. ही लेन्स कडेला मऊ आहे, म्हणजे कडा पुसट येतात, त्या लेन्समध्ये चेहरा कोरडा येतो. असं करता करता दोन वर्षं गेली. तोवर तोच गुलाबी गालांचा फोटो बोरिवलीला जाऊन आला, ठाण्याला जाऊन आला, एकदा कोपरा दुमडून आला, एकदा त्यावर कुणाच्या तरी हळदीच्या बोटाचा डाग होता. शैला ऑफिसातून यायची, पाकीट उघडायची, फोटो कपाटात टाकून भाजी निवडायला बसायची. माझं डोकंच फिरायचं. मी म्हटलं, "अहो भाऊजी, लेन्ससाठी तुम्ही थांबाल. तिचं वय थांबणार आहे का?" तर म्हणाले, "मग काय, कशाने तरी काढू आणि पुन्हा तिला पोह्याच्या बशा घेऊन उभी करू?" बरं, बघायला मंडळी आली की भाऊजींचा आणखी वेगळा घोटाळा. एका मुलाच्या आईला हे म्हणाले, "काकू, जरा पुढे सरका ना, ट्यूबलाइट बरोब्बर डोक्यावर आलीय, डोळ्यांखाली खड्डे दिसतायत." काकू सरकल्या त्या थेट जिन्यापर्यंत. सासूबाईंनी भाऊजींना असं झापलं की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. पण मी स्वयंपाकघरात गेले तर शैला तोंडात पदर कोंबून हसत होती. कितीतरी महिन्यांनी ती हसली, म्हणून मी भाऊजींना तेवढं माफ केलं.

शेवटी ज्या वर्षी आमच्या मजल्यावर पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी भाऊजींनी खरेदी केली. बॉडी कुणीतरी वापरून वापरून झिजवलेली, आतलं उजेड मोजायचं मीटर बंद. "बंद असू दे, उजेड मला कळतो." लेन्स मात्र जपानी. चेहऱ्यासाठी पंच्याऐंशी मिलीमीटरची हवी होती, ती काही झेपेना, म्हणून एकशेपस्तीसची घेतली. तिने फोटो जरा लांबून काढावा लागतो. फ्लॅश घेतलाच नाही. "फ्लॅश लग्नाला लागतो. ताईचं ठरलं की घेऊ." आता लांबून काढायचा म्हणजे आमच्या खोलीत कुठून? मागे सरकत सरकत भाऊजी दाराबाहेर कॉमन गॅलरीत गेले आणि तिथून आत नेम धरला. गॅलरीतली रहदारी बंद पडली. एकीकडे बादल्या घेऊन बायका, दुसरीकडे टॉवेल गुंडाळलेले शेजारचे आजोबा, आणि खिडकीशी स्टुलावर शैला, ठेवणीतली साडी नेसून, तोंडाला पावडर थापून. भाऊजींनी कॅमेरा खाली केला. "ताई, तोंड धुऊन ये."

"वेडा आहेस का रे? काळी दिसेन!"

"तुझ्यासारखी दिसशील. जा, धू."

ती तणतणत गेली, धुऊन आली आणि फुगून बसली. मला तिच्या एका बाजूला पितळेची घासलेली परात धरून उभं केलं, खिडकीचा उजेड त्या गालावर परतवायला. "वर धरा वहिनी, भाकऱ्या नाही थापायच्या." सगळी गॅलरी फिदीफिदी हसली. शैलाने विचारलं, "मी हसू का?" भाऊजी कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "नको. ते लोक आले की हसतेस ना, ते हसू तर अजिबात नको." शैलाने एकदम त्यांच्याकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि तेव्हा खटका वाजला.

आठवड्याने भाऊजी एका दोस्ताच्या डार्करूममधून फोटो घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो फोटो त्यांनी कॉटवर ठेवला आणि आम्ही सगळे वाकलो. काय सांगू! मी त्या बाईबरोबर सहा वर्षं एका ताटात जेवत होते, पण मी तिला बघितलंच नव्हतं. सुंदर होती हो ती. खरंच सुंदर होती. सावळ्या गालावर खिडकीचा उजेड, केसांत पाण्याचे दोन-चार थेंब राहिलेले, आणि डोळे असे, की ते आपल्याकडे काही मागत नाहीत आणि आपल्याला काही माफही करत नाहीत. सासूबाईंनी फोटो हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मालवणहून येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती, पण जीव कळवळला की त्यांच्या तोंडी तिकडचीच भाषा यायची. "माझां चेडू एवढां कधी दमलां गो?" लेकीच्या फोटोकडे बघून एवढंच म्हणाल्या आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिल्या.

संध्याकाळी सावरल्यावर त्याच म्हणाल्या, हा फोटो ठाण्याच्या नव्या स्थळाला धाडूया. शैला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हा कुणाला पाठवायचा नाही."

"अगं, पण त्यासाठीच तर काढला ना!" माझे यजमान म्हणाले.

"दादा, तो गुलाबी गालांचा परत यायचा ना, तेव्हा मला फारसं काही वाटायचं नाही. ती मी नव्हतेच. ही मी आहे. ही परत आली तर मी काय करू?"

यजमान म्हणाले, निदान फ्रेम करून भिंतीवर तरी लावू. तर सासूबाई कडाडल्या, "जित्या माणसाचो एकट्याचो फोटो भितीर लावतत काय? जीभ जळो तुझी!" झालं! म्हणजे पाठवायचाही नाही आणि लावायचाही नाही. भाऊजींनी उभ्या आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो शैलाने साड्यांच्या घडीत ठेवून दिला. त्या दिवशी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, फोटो चुकला का हो?" मी म्हटलं, "नाही भाऊजी. चुकला असता तर गेला असता." त्यांनी मान हलवली, पाणी प्यायले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पुढे स्थळं येईनाशी झाली. शैलानेच एक दिवस सांगितलं, आता बास. फ्लॅश भाऊजींनी दुसऱ्यांच्या लग्नांसाठी घेतला. नोकरी काही सुटली नाही, पण रविवारची लग्नं मिळू लागली. पार बोरिवलीहून बोलावणी यायची, जरी हा माणूस ऐन मुहूर्ताला नवरीला तोंड धुवायला लावतो अशी त्यांची कीर्ती झाली होती. पुढे व्हिडिओवाले आले, त्यांच्या झगझगीत दिव्यांत यांचं कुणी ऐकेना. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "ताईचं होऊ दे आधी." ताईचं होणार नाही हे त्यांना, मला आणि शैलाला, आम्हा तिघांनाही माहीत होतं, तरी मी म्हणायची, "बरं, होऊ दे."

एका रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत गेले तर शैला कपाट उघडून जमिनीवर बसली होती. मांडीवर तो फोटो. मला बघून तिने लपवला नाही. म्हणाली, "वहिनी, बरी होते ना गं मी?" मी म्हटलं, "होते काय गं, आहेस." तिने फोटोवरून पदर फिरवला आणि तो साड्यांखाली सरकवला. इतक्यात भाऊजी कुठल्याशा लग्नातून आले. खांद्याची बॅग उतरवून त्यांनी नेहमीसारखी बुंदीच्या लाडवाची पुडी ताईच्या हातात दिली. शैलाने नेहमीसारखं विचारलं, "नवरी कशी होती रे?"

"ठीक होती. साधीच," भाऊजी म्हणाले.

इतक्या वर्षांत शेकडो नवरी मुलींचे फोटो काढले त्यांनी. पण शैलासमोर एकीलाही ते याहून बरं म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.