सात नंबरचा गोल

वायर मी काढली होती. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की उंदरानं कुरतडली.

सिद्धगडाच्या पायथ्याला आमच्या माळावर दर हिवाळ्यात पाड्यापाड्यांच्या फुटबॉलच्या मॅच होतात. मी शहापूरला राहायला गेलो तरी माइक-कर्ण्याचं काम माझ्याकडेच राहिलं. माइकवर आमच्या शाळेचे जुने गुरुजी. मला हा खेळ कळला तो त्यांच्या तोंडून. "गोलकी, पंगतीला बसलास का रं? ऊठ, बॉल आला!" म्हणाले, की गोलकीची बायकोसुद्धा हसायची. त्यांची एक पद्धत होती. एक वाक्य बोलून ते थांबत. समोरच्या कड्यावरून तेच वाक्य परत येई, पुरतं विरे, मगच पुढचं. "त्याचं झाल्याबिगर आपण बोलू नये," म्हणत.

घसा बसत चालला म्हणून दोन वर्षांपूर्वीची मॅच त्यांनी आपली शेवटची ठरवली होती. त्याआधीच्या पावसाळ्यात आमचा सात नंबरचा तरणा खेळाडू माळशेजच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून ती जर्सी कोणी घालत नाही.

त्या दिवशी चारच्या सुमारास गडाची सावली माळावर आली आणि गुरुजी म्हणाले, "सात नंबर बॉल घेऊन निघाला."

कडा म्हणाला, निघाला.

बॉल तर मध्यावर होता. "डावीकडनं आला. एकाला चकवलं." खेळणारे जागीच थांबले. "म्हातारा भरमला रं," मागून कोणीतरी पुटपुटलं. दोरीजवळ त्या पोराची आई तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं, तिच्या जखमेवर मीठ चोळलं जातंय. आणि मी घाबरलोही होतो. डावी बाजू रिकामी होती, तरी तिथली धूळ उडत पुढं सरकत होती. मी वायर उपटली.

कर्णा गप्प झाला. मग कड्यावरून आवाज आला, "आता समोर गोलकी एकटाच."

हे वाक्य गुरुजी बोललेच नव्हते. मी त्यांच्या शेजारी होतो, त्यांचे ओठ मिटलेले होते. त्यानंतर काहीच आलं नाही.

"भाऊ, गोल झाला का नाय?" ती आई विचारत राहिली.

"उंदरानं वायर खाल्ली, वहिनी," मी म्हणालो. गुरुजी माइक ठेवून निघून गेले.

आठ दिवसांनी तिनंच मला सांगितलं. तिला लांबचं दिसत नाही. पोराचा खेळ तिनं कायम गुरुजींच्या आवाजातच पाहिला होता. "एकडाव गोल करताना ऐकवा, एवढंच मागितलं व्हतं मी त्यांच्याकडं." तरीही मी उंदराचं नाव सोडलं नाही.

गेल्या महिन्यात टोकावड्याला गुरुजींच्या घरी गेलो. आता ते जेमतेम कुजबुजतात. चहा निवून गेला. शेवटी त्यांनीच विचारलं, "त्या दिवशी कड्यावरनं कोण बोललं रे?"

"माहीत नाही, गुरुजी. पण तुम्हाला गप्प मी केलं. वायर मी काढली, आणि त्या माउलीचा गोल अर्धा ठेवला. तिच्या दारात जाऊन हेच सांगून आलोय. तुमच्याकडे यायलाच पाय उचलत नव्हता. माझं चुकलं. मला माफ करा."