यादीत नसलेली विहीर

मंडळी, आज पोलादपूरजवळच्या एका पेट्रोल पंपावर होते. जमिनीखालच्या टाकीतून डिझेल झिरपतंय का, हे तपासायला तिथे तीन अरुंद बोअर घेतल्यात. त्यांच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं हे माझं काम.

बोअरमधलं साचलेलं पाणी आधी उपसत होते, तेवढ्यात खालच्या घरातल्या सुमनकाकी आल्या.

"अगो, एवढं पाणी कशाला सांडतेस?"

"पडून राहिलेल्या पाण्यावरून खरं कळत नाही, काकी. आतलं ताजं यायला हवं."

तिन्ही बोअरच्या पाण्याला वास नव्हता. मी सामान आवरू लागले, तर काकी म्हणाल्या, "माझी म्हैस चार दिस विहिरीचं पाणी पीत नाय. तेवढं बघशील?"

विहीर माझ्या यादीत नव्हती, तरी गेले. बादली वर आली आणि डिझेलचा बारीक वास आला. पाण्यावर रंगीत तवंगही होता.

तिन्ही बोअर वर रस्त्याच्या बाजूला आणि जमिनीचा उतार खाली विहिरीकडे! मी तिथलीही बाटली भरली, आमच्या साहेबांना कळवलं. अहवाल येईपर्यंत हे पाणी वापरू नका, असं काकींना सांगितलं. संध्याकाळी त्यांच्या दारात पाण्याचा टँकर आला.

डिझेल नक्की कुठून आलं, ते अजून माहीत नाही. तुमच्या विहिरीचं पाणी बदललं, तर आधी कोणाच्या लक्षात येतं?